पाणी बाटलीतलं, बर्फ कुठला?

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग आणि आसपासच्या शहरांतली रुग्णालयं अचानक भरू लागली. रक्ताचे जुलाब, आणि पाठोपाठ काहींच्या मूत्रपिंडांनी कामच थांबवलेलं. असा आजार एरवी लहान मुलांना होतो. इथे मात्र धडधाकट मोठी माणसं खाटेवर होती, त्यातही बायका जास्त. पहिला संशय गेला स्पेनहून आलेल्या काकड्यांवर. काकड्या बाजारातून उठल्या, स्पेनच्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं, आणि मग कळलं की काकड्यांचा काही दोषच नव्हता. खरा अपराधी जूनमध्ये हाती लागला. सॅलडवर कच्चेच पसरलेले मोड, आणि तेही मेथीचे. लोअर सॅक्सनी प्रांतातल्या एका शेतावर ते वाढवले होते, बियाणं इजिप्तहून आलेलं. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. जर्मनीला जाऊन आलेले स्वीडन, डेन्मार्क आणि अमेरिकेतले प्रवासीही त्यांत होते.

मोड आणायला लागते ती ओल आणि ऊब जिवाणूंनाही तितकीच मानवते. मराठी घरात मेथीला मोड आणले की बहुधा त्यांची उसळ होते, आणि उसळीत फोडणी, पाणी, वर झाकण ठेवून दणदणीत वाफ हे सगळं आलंच. हॅम्बुर्गच्या सॅलडमध्ये नेमकी ही वाफच नव्हती.

परदेशी सहलीला निघालेल्या कुटुंबात दोन समजुती हमखास असतात. एक, युरोपात काय, सगळं स्वच्छच असतं. दुसरी, आपण भारतातली माणसं, आपलं पोट पक्कं, आपल्याला काही होत नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींच्या भरवशावर राहण्याइतकं नाही. देशाचं नाव बघून सावध किंवा बेसावध होण्यापेक्षा समोरच्या ताटाकडे बघून ठरवणं जास्त उपयोगी पडतं. हे अन्न किती तापलं होतं, तापल्यानंतर किती वेळ पडून होतं आणि त्याला कुणाचे हात लागले, एवढं बघायचं.

देशाला काहीच महत्त्व नाही, असं अर्थात नाही. दोन आठवड्यांच्या सहलीत पोट बिघडणाऱ्यांचं प्रमाण ठिकाण आणि ऋतूनुसार ३० ते ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे सीडीसीचं, मार्गदर्शन सांगतं. दक्षिण व आग्नेय आशिया, आफ्रिका, मेक्सिको आणि मध्य अमेरिका इथे धोका जास्त; पश्चिम युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया इथे कमी. दहातली आठ-नऊ दुखणी जिवाणूंची असतात. ई. कोलायचे काही प्रकार, कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, साल्मोनेला ही त्यांतली नेहमीची मंडळी. उरलेल्यांत नोरोव्हायरससारखे विषाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी.

पक्क्या पोटाचं म्हणाल, तर लहानपणापासून एखाद्या भागातल्या जंतूंशी गाठ पडत गेली की त्यांच्याविरुद्ध काही प्रतिकारशक्ती येते, हे खरं. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. आजच्या बऱ्याच आजी-आजोबांना ती लहानपणी नकळत होऊन गेलेली असते आणि त्यांना तिचं भय उरलेलं नसतं. पण शहरात, फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या नातवाकडे ते कवच नसतं. शिवाय इथल्या जंतूंशी जमलेली ओळख मेक्सिकोतल्या किंवा कंबोडियातल्या जंतूंसमोर चालेलच असं नाही. एकाच सहलीत आजोबा ठणठणीत आणि नातू आडवा, हे चित्र म्हणूनच दिसतं.

युरोपचा लौकिकही बिनडाग नाही. इंग्रज कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यांनी १९३१ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये नळाचं पाणी बेधडक प्यायलं, ते सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठीच, असं सांगितलं जातं. त्याच वर्षी २७ मार्चला लंडनच्या राहत्या घरी टायफॉईडनं त्यांचं निधन झालं. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला, म्हणजे आजही मॅटरहॉर्न शिखरासमोर फोटो काढायला ज्या गावात आपली मंडळी जातात तिथे, ऐन हिवाळी हंगामात पिण्याचं पाणी दूषित होऊन चारशेहून अधिक जणांना टायफॉईड झाला.

हा सगळा जुना इतिहास. आज पॅरिसच्या नळाचं पाणी निम्मं झऱ्यांचं आणि निम्मं सीन व मार्न नद्यांचं असतं, आणि त्याची तपासणी कडक असते. फ्रान्समधल्या उपाहारगृहात जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा चंबू मागितला तर तो फुकट द्यावाच लागतो. ‘ऊन काराफ दो’ एवढं म्हटलं की पुरतं. न मागता बसलात तर बाटलीचं पाणी येतं आणि बिलात त्याचे चांगले चार-पाच युरो लागतात. रोममध्ये रस्त्याकडेला अडीच हजारांच्या आसपास लहान ओतीव नळखांब आहेत, झुरिकमध्ये बाराशेहून अधिक कारंजी. त्यांचं पाणी लोक सर्रास पितात. सिंगापूर आणि जपानमध्येही नळाला तोंड लावायला हरकत नाही. बाटल्यांची खोकी सहलीच्या बसमध्ये लादून युरोप फिरणं ही निव्वळ सवय आहे, तिचा आरोग्याशी संबंध नाही.

फक्त पाटी वाचायची. फ्रेंच भागात ‘ओ नॉं पोताब्ल’, जर्मन भागात ‘काइन ट्रिंकवासर’, इटलीत ‘आक्वा नॉन पोताबिले’ असं लिहिलेलं असलं, तर ते पाणी पिण्याचं नाही. रेल्वेच्या शौचालयांत आणि शोभेच्या कारंज्यांवर या पाट्या असतात. नळाच्या चित्रावर काट मारलेली खूणही बहुतेक ठिकाणी असते.

जिथे नळाचा भरवसा नाही तिथे बाटली आली, आणि बाटलीचा भरवसा तिच्या बुचावर. सील आपल्यासमोर, आपल्या हातानं ‘कट्’ आवाज करत तुटायला हवं. सोड्याच्या पाण्याचा एक फायदा असतो: झाकण उघडताच फस्सकन आवाज आला नाही तर बाटली आधी उघडलेली आहे, हे ताबडतोब कळतं. पण बाटली पारखून घेणारी हीच मंडळी पुढच्या क्षणी ग्लासात बर्फ टाकून मोकळी होतात. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबून राहतात. ‘दारूत घातलाय, जंतू मरतील’ हा युक्तिवादही खोटाच. पेल्यातल्या मद्याची तीव्रता त्याला पुरत नाही.

थायलंड, व्हिएतनाममध्ये बर्फाचा आकार बघावा. मधोमध भोक असलेल्या नळकांडीसारखे गुळगुळीत तुकडे कारखान्यात यंत्रावर तयार होतात, त्याला वापरलेलं पाणी बहुधा शुद्ध केलेलं असतं. त्याउलट मोठी लादी फोडून केलेला वेडावाकडा चुरा मासे थंड ठेवण्यासाठी आणलेल्या बर्फातलाही असू शकतो. हा घोळ आपल्याकडेही होताच. म्हणून तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायला लावला, म्हणजे सरबताच्या गाडीवर निळी लादी दिसली की गिऱ्हाइकालाच कळावं. बँकॉकच्या गल्लीत ही निळी खूण मिळणार नाही. तिथे भोक शोधायचं; तेही कारखान्यातून ग्लासापर्यंतच्या हातांबद्दल काही सांगत नाही, हे मनात ठेवून.

पाणी निर्धोक करण्याची सगळ्यात खात्रीची रीत अजूनही उकळणं हीच आहे. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. साडेसहा हजार फुटांच्या वर हवेचा दाब कमी असल्यानं पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून तिथे तीन मिनिटं. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळायला लागतं, तरी जंतू मारायला तेवढी उष्णता पुरते. हॉटेलच्या खोलीतली विजेची किटली चहापेक्षा या कामाला जास्त मोलाची. रात्री दोनदा भरून उकळून ठेवली की दुसऱ्या दिवसाच्या बाटल्या तयार.

क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या, पण सर्वशक्तिमान नाहीत. ही गोष्ट नेपाळनं शिकवली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काठमांडूत येणाऱ्या परदेशी लोकांना उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे रेंगाळणारे जुलाब आणि गळून गेल्यासारखा थकवा येई. त्यामागे सायक्लोस्पोरा नावाचा सूक्ष्म परजीवी निघाला. क्लोरीन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा त्याचा भाऊबंदही क्लोरीनला दाद देत नाही. उलट प्रवासी गाळण्या परजीवी आणि जिवाणू अडवतात, पण त्यांतल्या बहुतेकींतून विषाणू निसटतात. ट्रेकला जाणाऱ्यांनी म्हणून उकळणं किंवा गाळणी आणि गोळी दोन्ही, असंच धरून चालावं.

विमानातल्या जेवणाबद्दल बोललं की लोक चवीची तक्रार करतात. पण १९७५ च्या फेब्रुवारीत टोकियोहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे पॅरिसला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या जंबो जेटमध्ये जे झालं, ते आज अन्नसुरक्षेच्या पाठ्यपुस्तकांत शिकवलं जातं. अँकरेजच्या स्वयंपाकघरात न्याहारीची हॅम घातलेली ऑम्लेटं तयार झाली. तिथल्या एका आचाऱ्याच्या बोटांवर चिघळलेल्या जखमा होत्या, त्यांत स्टॅफिलोकोकस जिवाणू. हॅमला ते लागले, आणि पुढचे कित्येक तास ते अन्न पुरेसं थंड न ठेवता पडून राहिलं. तेवढ्या वेळात जिवाणूंनी आपलं विष तयार केलं. विमानात न्याहारी तापवून वाढली गेली, पण हे विष तापवण्यानं जात नाही. वाटेतल्या कोपनहेगनला उतरण्याच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. विमानातल्या ३४४ प्रवाशांपैकी १९६ जण आणि एक हवाई सेविका आजारी पडले, आणि त्यांतल्या १४० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

वैमानिक मात्र वाचले, आणि ते केवळ योगायोगानं. ते अँकरेजला चढले होते. त्यांच्या शरीराच्या घड्याळानुसार वेळ रात्रीच्या जेवणाची होती, त्यामुळे त्यांनी ऑम्लेटऐवजी मांसाचं जेवण घेतलं. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, या सूचनेला या घटनेनंतर चांगलंच वजन आलं.

दुसरं विमान १९९२ सालचं. १४ फेब्रुवारीला अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सहून निघालेलं एक विमान पेरूतल्या लिमाला थांबून लॉस एंजलिसला गेलं. पेरूत तेव्हा वर्षभरापासून कॉलऱ्याची साथ होती. लिमाला चढवलेलं समुद्री माशांचं थंड सॅलड प्रवाशांना वाढलं गेलं. ३३६ प्रवाशांपैकी ७५ जणांना कॉलरा झाला, एक जण दगावला. इथे घात केला तो थंड ताटानं. विमानातल्या टाकीच्या पाण्याचंही फार कौतुक नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००४ मध्ये १५८ विमानांचं पाणी तपासलं, तेव्हा सुमारे आठातल्या एका विमानात कोलिफॉर्म जिवाणू मिळाले. पुढे संस्थेनं २००९ मध्ये खास नियम केले. तरी विमानाच्या नळाऐवजी बाटलीचंच पाणी प्यावं हे बरं.

आता जमिनीवरच्या जेवणाकडे. प्रवाशांना वर्षानुवर्षं दिला जाणारा सल्ला असा: जे उकळलेलं, शिजवलेलं किंवा आपल्या हातानं सोललेलं असेल तेच खा, बाकी सोडून द्या. सल्ला चुकीचा नाही. पण काठमांडूत अनेक वर्षं प्रवाशांवर उपचार केलेले डॉ. डेव्हिड श्लिम यांनी २००५ मध्ये यावरचा पुरावा तपासून एक नकोसा निष्कर्ष मांडला: हा नियम पाळणाऱ्यांचं पोट कमी बिघडतं, असं अभ्यासांत नीट दिसत नाही. कारण ताटात काय मागवायचं हे प्रवाशाच्या हाती असतं. स्वयंपाकघरात हात धुतले की नाही, कच्चं मांस आणि टोमॅटो एकाच पाटावर चिरले की नाही, हे नसतं. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या उपाहारगृहांत टेबलावर तासन् तास उघड्या राहणाऱ्या चटण्यांत जुलाब करणारे ई. कोलाय सापडले होते. ताटातला पदार्थ अगदी गरमागरम. बाधली ती शेजारची वाटी.

आपल्या मंडळींना इथेच सांगायला हवं की शाकाहारी असणं हे काही संरक्षण नाही. कच्ची काकडी, कोबीचं सॅलड, चिरून ठेवलेलं कलिंगड, पुदिन्याची पाणीदार चटणी हे सगळं शाकाहारीच आहे. आणि ज्या पाण्यानं ते धुतलं गेलं, ते तुम्ही प्यायला नकार दिलेलंच पाणी असतं. त्या तुलनेत तुमच्यासमोर कढईतून उतरलेले तळलेले नूडल्स, ते फूटपाथवर का असेनात, जास्त निर्धोक. पंचतारांकित बफेची चकाकणारी भांडी बघून भुलू नये. ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न राहिलं की जिवाणू भराभर वाढतात. भांड्याखालची ज्योत विझलेली आणि वरून पदार्थ कोमट, अशी अवस्था बफेत दुपारी अडीच वाजता फार दिसते. त्यातल्या त्यात एक साधी परीक्षा म्हणजे वाफ. डाव मारल्यावर वाफ आली नाही तर तो पदार्थ सोडून द्यावा.

भाताबद्दल विशेष सावध. बॅसिलस सिरिअस नावाचा जिवाणू शिजवतानाही आपली बीजरूपं टिकवून धरतो, आणि भात कोमट अवस्थेत पडून राहिला की वाढून विष सोडतो. उलटी करवणारं हे विष पुन्हा परतल्यानं नष्ट होत नाही. म्हणजे पूर्वेकडच्या देशांतला फ्राइड राइस असो की आपला शिळ्या भाताचा फोडणीचा भात, तो रात्रभर कुठे होता यावर सगळं ठरतं. फ्रिजमध्ये असेल तर काही अडचण नाही. ओट्यावर असेल तर कितीही खमंग मोहरी तडतडली तरी उपयोग नाही.

मद्याचा विषय निराळा आणि जास्त गंभीर. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या तरुण प्रवाशांच्या आवडत्या गावात मिथेनॉल मिसळलेलं मद्य पिऊन ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, ब्रिटन आणि अमेरिकेतले सहा पर्यटक मृत्युमुखी पडले. बालीमध्ये २००९ साली गावठी अरकात मिथेनॉल आल्यानं दोन डझन लोक गेले होते. मुंबईकरांना ही गोष्ट नवी नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच विषारी दारूनं शंभरहून अधिक जणांचा जीव घेतला. मिथेनॉलला ना वेगळी चव, ना वेगळा वास. पिऊन झाल्यावर बारा-चोवीस तासांनी डोळ्यांसमोर धुकं येतं, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. तोवर ‘काल जरा जास्तच झाली’ म्हणून माणूस झोपून राहिलेला असतो. नजर अंधुक होणं हे नशा उतरण्याचं लक्षण नव्हे, त्या क्षणी रुग्णालय गाठायचं. फुकट वाटल्या जाणाऱ्या छोट्या पेल्यांना आणि लेबल नसलेल्या बाटलीतल्या स्थानिक दारूला नकार द्यायचा. सीलबंद बिअर त्यातल्या त्यात बरी.

बाहेरच्या खाण्याच्या धोक्यावर घरोघरी निघालेला उपाय म्हणजे डबा. ठेपले, भाजणीच्या चकल्या, मेतकूट, सुकी चटणी आणि तुपातले लाडू यांनी भरलेली बॅग हे उत्तम अन्न आहे. कोरडं, भाजलेलं, पाण्याचा अंश कमी असलेलं अन्न टिकतं आणि जंतूंना फारसा थारा देत नाही. अडचण विमानतळावर होते. अनारशांवर लावलेली खसखस भारतात निरुपद्रवी मसाला असते, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि सिंगापूरमध्येही ती परवानगीवाचून नेता येत नाही, कारण ती अफूच्या बोंडातून येते. दिवाळीत दुबईच्या मुलीकडे डबा नेणाऱ्यांनी अनारसे वगळावेत. पेढे-बर्फी युरोपीय संघात नेणं नियमात बसत नाही, कारण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणण्यावर तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलियात तर सगळंच खाणं अर्जावर लिहून जाहीर करायचं असतं. लपवलं आणि सापडलं तर दंड मोठा, जाहीर केलं तर फार तर वस्तू जाते.

एवढं करूनही पोट बिघडलंच, तर? तर सगळ्यात मोठा उपाय भारताच्याच मातीत सिद्ध झालेला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, जमिनीवर रुग्णांची रांग, आणि तिथे काम करत होते डॉ. दिलीप महालनबीस. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मोजून मिश्रण करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं. पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं बंद केली. १६ लिटरच्या पिंपांत ते पाणी कालवलं, पिंपाला तोटी लावली, आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असलं की जुलाब चालू असतानाही आतडं पाणी शोषून घेतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं.

प्रवासाला निघताना अशाच मीठ-साखरेच्या मिश्रणाची, म्हणजे ओआरएसची, पाच-सहा पाकिटं बॅगेत असावीत, आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा उल्लेख बघून घ्यावा. फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ हा शब्द मिरवत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, तसा शब्द वापरायला मनाई केली. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण अंदाजानं वाढवू नये, विशेषतः मिठाचं.

जुलाब थांबवणारी लोपेरामाईडची गोळी लांबच्या बसप्रवासापुरती उपयोगाची, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती घेऊ नये. प्रतिजैविकांचा मोह मात्र आवरावा. ‘घेऊन ठेवलेली बरी’ म्हणून दिलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिनची पट्टी थायलंडमध्ये बहुधा फुकट जाते, कारण तिथले कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू बहुतांश तिला जुमानत नाहीत. नेदरलँड्समध्ये सुमारे दोन हजार प्रवाशांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, परत येताना एक तृतीयांश लोकांच्या आतड्यात औषधांना न जुमानणारे जिवाणू नव्यानं आढळले. दक्षिण आशियाला गेलेल्यांत तर चारातल्या तिघांच्या. प्रवासात प्रतिजैविकं घेतलेल्यांत हा धोका आणखी वाढलेला होता.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांना ओळखीचं वाटेल. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमची साथ आली, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत हाच जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मिळाला होता. जुलाब बरे होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी क्वचित एखाद्याच्या हातापायांतली ताकद जायला लागते. प्रवासाहून परतल्यावर पायात मुंग्या येऊन चालताना तोल जायला लागला तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायला हवं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो उलट दिशेचा प्रवासी. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेली नातवंडं सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला आजीकडे येतात. ही तर आपलीच माणसं, आपल्याच घरी आली, म्हणून कुणी लशीचा विचार करत नाही. प्रत्यक्षात अमेरिकेत निदान होणाऱ्या टायफॉईडच्या बहुतेक रुग्णांनी नुकताच परदेश प्रवास केलेला असतो, आणि त्यांत दक्षिण आशियात नातेवाइकांना भेटायला गेलेल्यांचा वाटा मोठा असतो. हॉटेलातला पर्यटक सावध असतो. घरचा पाहुणा पाणीपुरीच्या गाडीवर चुलत भावंडांबरोबर उभा राहतो. टायफॉईडची नवी लस भारतातच तयार झाली. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी ती घ्यावी. हिपॅटायटिस एची लसही तिच्याबरोबरच घेऊन टाकावी.

टायफॉईडला लक्षणं दिसायला सहा ते तीस दिवस लागतात, हिपॅटायटिस एला पंधरा ते पन्नास. म्हणजे सहलीचे फोटो वाटून झाल्यावर, बॅगा माळ्यावर गेल्यावर आजार उगवतो आणि कुणाच्याच डोक्यात प्रवास उरलेला नसतो. परतल्यानंतर दोन महिन्यांत ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा जुलाब पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: कुठल्या देशात गेलो होतो, कधी परत आलो आणि तिथे कुठली औषधं घेतली.